आधी भाकरी, मग बोध

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी दोन शब्द बोलावेत असा निरोप घेऊन आपल्या चिटणीसबाई घरी आल्या, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी जन्मभर शाळेत मुलांना गणित शिकविले. मला व्याख्यान कुठले द्यायला येते?" त्या म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या चर्चमध्ये दुःखीकष्टी बायकांजवळ बसता ना? तिथे काय बोलता तेच सांगा. मनाच्या दुखण्यावर तुमच्या बायबलात काय औषध सांगितले आहे, ते आम्हांलाही कळू द्या." मग मला नाही म्हणवेना.

प्रारंभीच एक गोष्ट सांगते. आपल्या मंडळात नाना धर्मांच्या भगिनी आहेत. मी येथे कोणाला धर्म शिकविण्यासाठी उभी नाही. शेजारणीने वाटीत घालून दिलेले लोणचे आपण जसे चाखून पाहतो, तसे माझे बोलणे चाखून पाहावे. रुचले तर ठेवावे, नाही तर वाटी परत करावी.

आपल्या नाशिक रोडला बाळ येशूचे मंदिर आहे. फेब्रुवारीतल्या यात्रेला तेथे केवढी दाटी होते, हे आपण सर्वजणी पाहतो. त्या गर्दीत ख्रिस्ती थोडे आणि इतरच पुष्कळ असतात. हातात मेणबत्ती घेऊन एखादी बाई मूर्तीपुढे उभी राहते. तिचे ओठ हलतात, पण शब्द ऐकू येत नाही. मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, नवऱ्याचे पिणे, सासूचे बोलणे, रात्री न लागणारी झोप, असे काय काय ती सांगत असेल. अशी बाई पाहिली की मला हटकून बायबलातल्या हन्नाची आठवण येते.

हन्नाची गोष्ट शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात अगदी आरंभी आहे. तिला मूल नव्हते. सवत पनिन्ना लेकुरवाळी, आणि ती दर वर्षी सणाच्या दिवशी हिला नेमके तेच टोचून बोले. नवरा एलकाना प्रेमळ होता. तो म्हणे, मी तुला दहा मुलांहून अधिक नाही का? आता हे बोलणे प्रेमाचे खरे. पण त्यात तिच्या दुःखाला उत्तर नव्हते. हन्ना जेवली नाही. उठून शिलोच्या मंदिरात गेली आणि मनातल्या मनात देवाशी बोलू लागली. ओठ तेवढे हलत होते. दाराशी वृद्ध पुरोहित एली बसला होता. त्याने पाहिले आणि काय समजला असेल? बाई प्यायलेली आहे! त्याने तिला झिडकारले.

भगिनींनो, दुःखी बाईला पहिला मनुष्य भेटतो तो पुष्कळदा असाच. न विचारता निदान करणारा. पण हन्ना गप्प राहिली नाही. मी प्यायलेली नाही, मी माझे मन देवापुढे ओतते आहे, असे तिने सांगितले. आणि एलीचा मोठेपणा असा, की त्याने आपले बोलणे तेथल्या तेथे मागे घेतले आणि तिला शांतीचा निरोप दिला. त्यानंतर हन्ना गेली, जेवली, आणि तिच्या चेहऱ्यावरची उदासी गेली. लक्षात घ्या, मूल झाले ते पुढे. तिचा चेहरा उजळला तो त्याआधीच, केवळ कोणीतरी तिचे ऐकून घेतले म्हणून.

मी हे आज मोठ्या शहाणपणाने सांगते आहे खरी. परंतु मी स्वतः एकदा एली झाले होते, आणि मला माझी चूक सुधारायला मिळाली ती फार उशिरा. ती हकीकत सांगितल्यावाचून मला पुढे बोलण्याचा अधिकार नाही.

या गोष्टीला चाळीस वर्षे होत आली. आम्ही क्वार्टर्समध्ये राहत होतो. शेजारणीचे यजमान रेल्वेत. तिचे पहिले मूल पाच महिन्यांचे होऊन गेले. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, दुपारच्या वेळी ती माझ्याकडे आली. मी ओसरीत तांदूळ निवडीत बसले होते. ती समोर बसली. काही वेळ तीही सुपातले खडे वेचू लागली. मला तो अबोला सहन होईना. मी मोठ्या भक्तिभावाने तिला ईयोबाचे ते प्रसिद्ध वचन ऐकविले, ज्यात देण्याचा आणि परत घेण्याचा अधिकार देवाचाच म्हटला आहे. वर आणखी म्हणाले, "तुझे वय लहान आहे, दुसरे होईल." ती काही बोलली नाही. "चहा टाकते" म्हणाले, तर "नको ताई, तांदूळ निवडून घ्या," असे म्हणून उठली आणि गेली. त्यानंतर आमचे जाणे-येणे राहिले, वाटीभर साखरेची देवघेव राहिली. पण त्या विषयाचा एक शब्द तिने माझ्याजवळ पुन्हा काढला नाही.

चार वर्षांनी त्यांची बदली झाली. सामान बांधून झाल्यावर निरोप घ्यायला आली, तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "ताई, रागावू नका, एक सांगते. त्या दिवशी मी काही विचारायला आले नव्हते. घरात त्याचे नाव कोणी काढीत नव्हते. मला कोणाजवळ तरी त्याचे नाव घ्यायचे होते."

मला त्या बाळाचे नावसुद्धा ठाऊक नव्हते. मी तेव्हा विचारले. तिने सांगितले, आणि मग आम्ही दोघी रडलो. बाहेर टांगा उभा होता.

त्यानंतर मी बायबल पुन्हा वाचू लागले, ते वेगळ्या नजरेने. तोवर मी त्यात वचने शोधीत असे. आता माणसे पाहू लागले. आणि माझ्या ध्यानात आले, की मी तिला ऐकविलेले वचन ईयोबाने स्वतःच्या तोंडाने, स्वतःविषयी म्हटलेले आहे. त्याला ते दुसऱ्या कोणी ऐकविलेले नाही. आपल्या दुःखाविषयी बाईने स्वतः एखादी गोष्ट म्हणणे निराळे, आणि शेजारणीने तीच तिला ऐकविणे निराळे. शब्द तेच, पण एका तोंडात ती श्रद्धा असते आणि दुसऱ्या तोंडात तो मार होतो.

ईयोबाचे मित्र आले तेव्हा ते प्रथम सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. एक शब्द बोलले नाहीत. तोवर त्यांचे सर्व बरोबर होते! मग त्यांनी तोंड उघडले आणि तुझेच काही पाप असेल, असे नाना परींनी सांगू लागले. त्यांच्या भाषणांत धर्म पुष्कळ आहे. पण पुस्तकाच्या शेवटी देव त्यांनाच दोष देतो आणि तक्रार करणाऱ्या ईयोबाची बाजू घेतो.

तेव्हा बायबलाच्या आधाराने समुपदेशन म्हणजे प्रत्येक दुखण्यावर एक वचन चिकटविणे, ही समजूत प्रथम काढून टाकली पाहिजे. मग तेथे रीत कोणती दिसते? मला ती एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत सर्वांत स्पष्ट दिसते. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात ती आहे. एलीया म्हणजे काही लेचापेचा मनुष्य नव्हे. कर्मेल डोंगरावर राजासमोर उभा राहिलेला. पण राणी ईजबेलने जिवे मारण्याची धमकी दिली आणि त्याचे अवसान गेले. तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि आता मला मरण येऊ दे, असे देवाजवळ मागू लागला. मग त्याला झोप लागली.

आता देवाने काय करावे? उपदेश? नाही. देवदूत आला, त्याने त्याला स्पर्श केला आणि ऊठ, खा, एवढेच सांगितले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाण्याचे भांडे. एलीयाने खाल्ले आणि तो पुन्हा निजला. त्याला कोणी आळशी म्हटले नाही. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा भाकरी दिली. पुढे चाळीस दिवसांची वाट चालून होरेब डोंगराशी गेल्यावर देवाने त्याला विचारले, तू येथे काय करतोस? प्रश्न प्रथम. त्याने आपली सगळी तक्रार सांगितली, तीही एकदा नव्हे, दोनदा. सोसाट्याचा वारा आला, भूकंप झाला, अग्नी आला, त्यांत देव नव्हता. शेवटी एक मंद, हळू वाणी आली. आणि सर्वांत अखेरीस त्याला तीन गोष्टी मिळाल्या. पुढचे काम, सोबतीला अलीशा, आणि आपण एकटेच उरलो हे त्याचे म्हणणे खरे नाही, त्याच्यासारखे आणखी सात हजार आहेत, ही बातमी.

भगिनींनो, हा क्रम आपण पाठ करून ठेवावा. झोप, भाकरी, स्पर्श, प्रश्न, ऐकून घेणे, आणि मग हळू आवाजात खरे ते सांगणे. आपण बहुधा उलटीकडून सुरुवात करतो.

दुसरी गोष्ट. सर्वांना एकच औषध चालत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर मरतो. येशू उशिरा पोहोचतो. मार्था पुढे येऊन म्हणते, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते आणि तीही नेमके तेच वाक्य म्हणते. दोघींचे वाक्य एक. पण मार्थेशी येशू पुनरुत्थानाविषयी बोलतो, कारण तिला बोलण्यातून धीर येणार होता. आणि मरीयेचे रडणे पाहून तो स्वतः रडतो. आपण लाजराला उठविणार हे त्याला ठाऊक असूनही रडतो! आपल्याकडे दोन बहिणी एकच तक्रार घेऊन आल्या, तर एकीला बोलणे हवे असेल आणि दुसरीला केवळ सोबत, हे ओळखण्याइतकी सवड आपण काढली पाहिजे.

तिसरी गोष्ट देवाशी भांडण्याविषयी. पुष्कळ बायका मला म्हणतात, "बाई, मला देवाचा राग येतो, हे पाप आहे का हो?" बायबलातल्या दीडशे स्तोत्रांत कितीतरी स्तोत्रे निव्वळ तक्रारीची आहेत. बहुतेकांचा शेवट आशेने होतो. पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. तरीही ते पवित्र ग्रंथात ठेवले आहे, कोणी गाळले नाही. आणि आपल्या महाराष्ट्राला हे नवीन आहे का? जनाबाईने आणि तुकोबांनी विठोबाला केवढे खडसावले आहे! ज्याच्याशी नाते असते, त्याच्याशीच मनुष्य भांडतो.

आता आपल्या नाशिकचेच एक उदाहरण सांगते. लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या आणि १९३६ साली नाशिकलाच वारल्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने निघाली. ज्या भगिनींनी ती वाचली नसतील त्यांनी आपल्या ग्रंथालयातून जरूर न्यावीत. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या घराण्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला फाशी झाली. त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला, की बाहेरून आलेले मीठसुद्धा धुतल्यावाचून घरात घ्यायचे नाही. घरातल्या बायका-पोरांनी ते सगळे सोसले. लक्ष्मीबाई ते हसवीत हसवीत सांगतात. पण विचार करा, एका माणसाची भीती कोणी ऐकून घेतली नाही, आणि साऱ्या घराने ती जन्मभर पाण्याने धुतली. दुरून निदान करू नये हे मला समजते. परंतु पुन्हा पुन्हा धुण्याच्या अशा ध्यासावर आज उपचार आहेत, एवढे आपल्याला ठाऊक असावे.

पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी तिकडे सासर-माहेरच्या माणसांत, पदरात लहान दत्तू. त्या काळी त्या घरावर काय कोसळले असेल! लक्ष्मीबाईंना सल्ला देणारे थोडे नव्हते. पण त्या शोकाच्या दिवसांत त्यांच्या हातून कविता उतरू लागल्या. दुःखाला शब्द मिळाले. पुढे पतिपत्नी पुन्हा एकत्र आली. सोवळेओवळे, जातपात यांचा उलगडा लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाशी, स्वतःच्या चालीने केला, आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षे ध्यानात घ्या. घाईने दिलेला धर्मोपदेश त्यांना तेथवर नेऊ शकला नसता. टिळकांच्या पश्चात त्यांनीच 'ख्रिस्तायन' पुढे चालविले. एके काळी ज्या धर्माच्या नावाने त्या रडल्या, त्याच धर्मावर त्यांनी ओव्या रचल्या.

पंडिता रमाबाईंचेही नाव येथे घेतले पाहिजे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातल्या अनाथ मुलींना, विधवांना आसरा दिला. आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर करण्यात घालविली, तेही साध्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. १९२२ साली त्या वारल्या. तेथेही पहा, आधी आसरा आणि अन्न, आणि मग पुस्तक.

आता एका वादाच्या विषयाकडे वळते. अमेरिकेत जे अॅडम्स नावाच्या पाळकांनी १९७० साली एक पुस्तक लिहून असे मांडले, की मनाच्या बहुतेक गुंत्यांना पवित्र शास्त्र पुरेसे आहे आणि ते सोडविणे हे मंडळीचेच काम आहे. त्यांचा मानसोपचारावर फारसा विश्वास नव्हता. त्यांचे एक म्हणणे मला पटते: दुःखी माणसाला परक्यावर टाकून आपण हात झटकू नयेत. परंतु डॉक्टर नको, हे मला पटत नाही. खुद्द पौल आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगतो; नुसती प्रार्थना कर असे म्हणत नाही. (आपण द्राक्षांच्या जिल्ह्यात राहतो म्हणून याचा कोणी भलता अर्थ काढू नये!) त्याच पौलाच्या सोबत लूक होता, आणि त्याला तो प्रिय वैद्य म्हणतो.

म्हणून सांगते, एखादीला आठवडेच्या आठवडे झोप नसेल, खाणे सुटले असेल, बाळंतपणानंतर बाळाकडे पाहवत नसेल, नको नको ते आवाज ऐकू येत असतील, जगू नये असे वाटत असेल, तर तिच्याजवळ बसा, प्रार्थनाही करा, आणि तिला घेऊन डॉक्टरांकडे जा. सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, पैसे न पडता बोलता येते. हा आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

आणि एक गोष्ट मी आमच्या चर्चमध्येही स्पष्ट बोलते, येथेही बोलते. मार खाणाऱ्या बाईला क्षमेचे वचन ऐकवून परत त्या घरी पाठवू नये. शौल राजाने दावीदावर भाला फेकला, तेव्हा दावीद पळून गेला. पुढे शौल दोनदा त्याच्या हाती सापडला. दावीदाने सूड घेतला नाही. शौल रडला, परत ये म्हणाला. दावीदाने क्षमा केली, पण तो त्याच्या घरी राहायला गेला नाही. आपापल्या वाटेने दोघे गेले. क्षमा आणि भाल्यासमोर बसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. ते सांगणे हासुद्धा धर्मच आहे.

माझे बोलणे लांबले. शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या येथे शिवणवर्ग चालतो, हळदीकुंकू होते, सहली निघतात. त्याच खोलीत आठवड्यातून एक दुपार आपण नुसती ऐकण्यासाठी ठेवावी. पाळीपाळीने दोघी बसतील. नियम थोडकेच असावेत. आलेल्या बाईला आधी चहा आणि काहीतरी खायला. पहिल्या भेटीत सल्ला द्यायचा नाही. 'माझ्याही बाबतीत असेच झाले' म्हणून आपली कहाणी सुरू करायची नाही. तिने ज्याचे दुःख सांगितले त्याचे नाव विचारायचे. ऐकले ते त्या खोलीबाहेर न्यायचे नाही, आपल्या नवऱ्यालाही सांगायचे नाही. प्रार्थना करायची तर तिला विचारून, आणि तिच्या देवाच्या नावाने. जड वाटले तर डॉक्टरांकडे सोबत जायचे. नोट प्रेसमध्ये पाळीची कामे, रेल्वेच्या रात्रपाळ्या, देवळालीत लष्करातल्या माणसांची दूरच्या बदल्या. आपल्या वस्तीत एकट्या बसून राहणाऱ्या बायका काही थोड्या नाहीत.

पहिल्या दुपारी बसायला मी तयार आहे. तांदूळ निवडायला घेऊन येईन म्हणते. हात कामात असले की बोलणे सोपे जाते, आणि समोरचीला वाटले तर तिलाही सुपातले खडे वेचता येतील. या वेळी मी घाई करणार नाही.